भादव्यातली रानवाट

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज आम्ही तुम्हाला एका सहलीची हकिगत सांगणार आहोत. सहल एका दिवसाची होती. वाट रानाची होती, पण फार लांबची नव्हती. सकाळी निघायचे, टेकडी चढायची, पलीकडच्या नाल्याकाठी शिदोरी सोडायची आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचे, एवढाच बेत. पण त्या दिवशी आमच्यातला एक माणूस हातचा जायची वेळ आली होती. तोही कोण? आमच्यातला सगळ्यांत धट्टाकट्टा गडी! ही गोष्ट झाकून ठेवली असती तर आमची अब्रू राहिली असती. पण मग तुमच्यापैकी कोणी उद्या तीच चूक केली असती. म्हणून सांगतो. ऐका.

आम्ही अकरा जण होतो. वर्गातल्या पाच बाया, चार गडी आणि शिकवणारे दोघे. पाच बायांत एक आजी होत्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. 'आजी, तुम्हांला झेपेल का?' असे आम्ही त्यांना दोनदा विचारले. त्या गड्याला मात्र कोणी काही विचारले नाही. तो दिवसभर डवरणी करणारा, क्विंटलभराचे पोते पाठीवर घेणारा. त्याला काय विचारायचे?

आता जागा सांगतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेलू तालुका आहे. तिथे हिंगणी गाव आहे. त्याच्या पुढे बोर नदीवर धरण आहे आणि धरणाच्या भोवती रान आहे. ह्या रानाला १९७० साली अभयारण्य केले. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. त्या वेळी त्याचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर होते, आणि देशातला सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्प म्हणून त्याचे नाव झाले. लहान असले तरी वाघ काही लहान नाहीत! तिथे आत मनाला येईल तसे पायी हिंडता येत नाही. आत जायचे ते परवानगीने, गाडीत बसून, वाटाड्या बरोबर घेऊन. पावसाळ्यात आतले पर्यटन बंद असते.

म्हणून आम्ही हद्दीच्या बाहेरची वाट धरली. गावचे लोक ढोरे चारायला जातात ती वाट. पण वाघाला काही हद्दीचा फलक वाचता येत नाही. तो बाहेरही येतो. म्हणून वनरक्षकाला आधी सांगितले, त्याचा होकार घेतला, आणि गावचा गायकी बरोबर घेतला. आपल्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्याचा बारा-चौदा वर्षांचा पोरगाही आला. एवढी काळजी आम्ही वाघाची घेतली. ज्याची घ्यायची होती त्याची घेतली नाही.

महिना भादवा. पोळा होऊन गेला होता. चार दिवस झड लागली होती. मग दोन दिवस उघाड पडली आणि चांगले ऊन तापले. रविवारी सकाळी एकाने मोबाइल पाहिला आणि म्हणाला, "आज ३३ अंश." आम्ही सगळे हसलो. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ - ४६ वर जातो. त्या उन्हात आम्ही लग्ने केली, वऱ्हाडे नेली. ३३ अंशांचे काय घेऊन बसलात!

एस. टी. उशिरा आली. गावात उतरलो तेव्हा नऊ वाजले. ओळखीच्या घरी चहा झाला. चहा म्हटला की पाहुणचार आला, पाहुणचार म्हटला की आग्रह आला. पांदण सोडून वाटेला लागलो तेव्हा दहा वाजायला आले होते. ही आमची पहिली चूक.

ह्याच जिल्ह्यातून १९५१ च्या मार्च महिन्यात विनोबाजी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले, आणि मग ते वर्षानुवर्षे देशभर चालतच राहिले. ते पहाटेच्या अंधारात चालू लागत. ऊन चढायच्या आत पुढच्या गावी पोचत. विनोबाजींचे नाव आम्ही वर्गात पुष्कळ घेतो. त्यांची निघायची वेळ मात्र घेतली नाही.

असो. सुरुवात मोठी आनंदाची झाली. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी आणि सोयाबीन. पुढे वावरे संपली आणि साग लागला. भादव्यात सागाला पांढरा तुरा येतो, तो तुम्ही पाहिला असेल. सागाबरोबर धावडा, ऐन, तेंदू, मोह. वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी. पुढे चालणाऱ्याच्या तोंडाला ती चिकटत आणि मागचे हसत.

एका वळणावर वनखात्याचा फलक होता. आमच्या वर्गातली एक बाई त्याच्यापुढे उभी राहिली. वर्षापूर्वी तिला अ काढता येत नव्हता. तिने बोट लावून वाचले, "व-न्य-प्राण्यांचा वा-वर." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे काय जी? जनावरांचं वावर? त्यायले पन शेत देल्लं काय सरकारनं?"

सगळे रान हसण्याने भरून गेले. आपल्याकडे वावर म्हणजे शेत. पुस्तकात वावर म्हणजे हिंडणे-फिरणे. तिचे वाचणे चुकले नव्हते. फलक लिहिणारा आपल्याकडचा नसावा, एवढेच.

तिथून चढ लागला. आणि तिथून सगळे बदलले.

तुम्ही म्हणाल, रानात सावली असते, मग गार वाटायला हवे. आम्हांलाही तसेच वाटले होते. सावली होती, पण वारा नव्हता. पानन्‌पान थांबलेले. खाली चार दिवसांच्या पावसाने भिजलेली माती, वर ऊन. मातीतून वाफ निघते. झाडेही पानांतून पाणी सोडतात. ती सगळी वाफ त्या दाट झाडीत कोंडून राहिली होती. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवावे तसे. जीव गदमदून गेला. अंगातून घामाच्या धारा लागल्या. कोपरांतून घाम टपकू लागला. लुगडी आणि सदरे पाठीला चिकटले.

आणि आम्ही काय म्हणालो? "चांगले आहे! घाम आला म्हणजे अंग थंड होते." ही आमची दुसरी चूक, आणि सगळ्यांत मोठी. ती पुढे नीट सांगतो.

त्या गड्याने खांद्यावर दहा लिटरचा पाण्याचा डबा घेतला होता. सगळ्यांचे पाणी त्याच्याजवळ. कोणी मागितले की तो ओतून द्यायचा. स्वतः मात्र पीत नव्हता. हे आम्हांला मागून कळले. पाणी पुरले नाही तर बाया-माणसांना काय द्यायचे, असा त्याचा विचार. भला माणूस. पण भलेपणाने रक्तातले पाणी वाढत नाही.

बायांचे तऱ्हा वेगळी होती. त्यांना पाणी मिळत होते, पण त्या घोटभर पिऊन भांडे परत देत होत्या. का, ते तुम्हा बायांना सांगायला नको. रानात आडोसा कुठे, बरोबर पुरुष माणसे, मागे राहावे तर भीती. त्यापेक्षा प्यायलाच नको. हे आम्ही आधी ओळखायला हवे होते. दोन ठिकाणी थांबून 'आता गडी पुढे जातील, बाया मागून येतील' एवढे म्हटले असते तर काम झाले असते. आजींनी मात्र कुणाची पर्वा केली नाही. त्या सावकाश चालत, शंभर पावलांवर बसत, पाणी मागून पीत. "माझ्यासाठी थांबा लागते तुमाले," असे दरवेळी म्हणत. आम्ही मनातून वैतागत होतो. आज वाटते, त्यांनी आम्हांला जितक्या वेळा थांबवले तितके आम्ही वाचलो.

अर्ध्या चढावर सरसर पाऊस आला. दहा मिनिटांचा. गड्याने पिशवीतून मेणकापडाचा रेनकोट काढला आणि चढवला. पाऊस गेला, लख्ख ऊन पडले, पण रेनकोट तसाच राहिला. एका हाताने डबा धरलेला, तो काढणार कसा? आणि पुन्हा पाऊस आला तर? असा तो त्या मेणकापडात अर्धा तास चढत राहिला.

माथ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. दूर बोरचे पाणी चमकत होते. सगळे पाहू लागले. तो पाहत नव्हता. डबा खाली ठेवून तो उभाच होता. पाय थोडे हलत होते. आमच्यातल्या एकाने विचारले, "काय भाऊ, दमले काय?" तो म्हणाला, "बैल सोडले का?"

आम्हांला थट्टा वाटली. आम्ही हसलो. मंडळी, त्या हसण्याची आम्हांला आजही लाज वाटते.

गायकी हसला नाही. तो जवळ आला, त्याने गड्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "भाऊ बरळून राहिले जी. अंग पाहा कसं भनभन तापलं. हे भादव्याचं ऊन होय. दिसत नाही, लागते."

मग आमची धांदल उडाली. सगळे त्याच्याभोवती कोंडाळे करून उभे राहिले, म्हणजे होता तो वाराही अडवला. कोणी कांदा हुंगवायला काढला. एकाने पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावला. गायकीने तो हात धरला. "थांबा. शुद्ध नाही त्यायले. पाणी नरड्यात अडकन." हे त्याला कोणी शिकवले कोण जाणे, पण ते शंभर टक्के खरे होते. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतले तर ते पोटात न जाता फुप्फुसात जाऊ शकते.

रेनकोट काढला. सदरा काढला. डब्यातले उरलेले पाणी डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतले. मग चौघांनी त्याला उचलून पलीकडच्या उतारावरून नाल्यावर नेले. उतार थोडकाच होता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. नाल्याला घोटाभर वाहते पाणी होते. त्या पाण्यात त्याला निजवले. डोके एकाच्या मांडीवर वर धरले. बायांनी आपले पदर भिजवून त्याच्या काखेत, मानेखाली, जांघेत ठेवले, तापले की पुन्हा भिजवले. दोघांनी सागाची मोठी पाने तोडून वारा घातला. सुपाएवढे पान ते, पंख्याचे काम चांगले करते.

मोबाइल काढले. एकालाही रेंज नव्हती. गायकीचा पोरगा न सांगता उठला आणि माथ्याकडे धावत सुटला. तिथून त्याने १०८ ला फोन लावला आणि कोणत्या गावाच्या कोणत्या रस्त्यावर गाडी यावी ते सांगितले. मग दुसरा फोन गावात केला, तेव्हा चार माणसे बाज घेऊन निघाली.

वीस मिनिटे गेली असतील. कोणाच्या हाती घड्याळ पाहण्याचे भान होते? त्याची बायको आमच्यातच होती. ती त्याचे पाय चोळत होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. मग त्याने डोळे नीट उघडले. तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पाण्यात काहून निजवलं मले?"

आता तो शुद्धीवर होता, त्याला तहान लागली होती. आमच्याजवळ जलसंजीवनीची एक पुडी होती, ओआरएस म्हणतात ती. एकाने घाईने पुडी फोडली आणि सगळी पेल्यात ओतायला निघाला. तेव्हा फलक वाचणारी ती बाई ओरडली, "थांबा! वाचू द्या!" तिने पुडी हातातून घेतली. तिचा हात थरथरत होता. बोट लावत तिने वाचले, "एक लि-टर पाण्यात." लिटरची बाटली आमच्याजवळ होतीच. ती भरून पुडी तिच्यात विरघळवली आणि घोट घोट पाजली.

पुडी पेल्यात ओतली असती तर काय झाले असते? पाणी चार-पाचपट खारट झाले असते. फार खारट पाणी शरीराची तहान भागवत नाही, उलट शरीरातले पाणी ओढून घेते. पुडी नसेल तर घरीही करता येते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग लावून घ्यायचा नाही, बोटाने सपाट करायचा. ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, भाताची पेज, हेही चालते. मात्र शुद्धीत असलेल्यालाच.

बाजेवरून त्याला रस्त्यापर्यंत नेले, तिथून गाडीने दवाखान्यात. दोन दिवस ठेवून घेतले. मूत्रपिंडाला धक्का बसला आहे का, ते पाहायचे होते. सुदैवाने बसला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्याला तिथेच पाण्यात घातले म्हणून वाचला. गाडीची वाट पाहत तसाच ठेवला असता तर सांगता आले नसते. तुम्हीही ध्यानात ठेवा. माणूस बरळू लागला, चालता चालता झोकांड्या खाऊ लागला, की आधी त्याचे अंग थंड करायचे, आणि ते करतानाच गाडी बोलवायची.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ४५ अंशांत न पडणारा माणूस ३३ अंशांत कसा पडला?

ह्याचे उत्तर तुमच्या घरातल्या माठात आहे. वैशाखात माठातले पाणी किती गार असते! दात शिवशिवतात. तोच माठ, तेच पाणी, श्रावण-भादव्यात तसे गार होते का? होत नाही. का बरे? माठातून पाणी झिरपते आणि बाहेरून वाळते. वाळताना ते आतली उष्णता घेऊन जाते. वैशाखातली हवा तहानलेली असते, ती माठाचे पाणी भराभर पिऊन टाकते. भादव्यातली हवा पोटभर प्यालेली असते. तिला आणखी पाणी नको असते. मग माठ बाहेरून ओला राहतो आणि आत पाणी कोमट.

कूलरचेही तसेच. मे महिन्यात वाळ्याच्या ताटीतून गार वारा येतो. जुलै-ऑगस्टात तोच कूलर लावा. खोली गार होत नाही, उलट चिकचिक वाढते.

आपले शरीर म्हणजे एक माठच. घाम झिरपतो. तो वाळला तरच अंग थंड होते. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता अंगातून काढून नेतो. आहाराच्या तक्त्यात लिहितात त्या कॅलरी. पण तोच घाम कोपरातून टपकून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी गेले, मीठ गेले, उष्णता तिथेच राहिली. चढावर आम्ही ज्या धारांचे कौतुक करत होतो त्या सगळ्या अशा फुकट गेल्या. दमट हवेत चढ चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. आणि चढ चढणाऱ्याच्या अंगात बसलेल्या माणसाच्या चार-पाचपट उष्णता तयार होते. बाहेरून ऊन, आतून भट्टी, आणि घाम वाळेना. त्यावर मेणकापड! म्हणजे माठाला बाहेरून डांबर फासले.

हे मोजताही येते. वर्गात आम्ही दोन तापमापक टांगले आहेत, ते तुम्ही पाहिले असतील. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओले फडके. फडक्याचे पाणी वाळते म्हणून दुसऱ्याचा पारा खाली राहतो. घामाने अंग किती थंड होऊ शकेल, ते हा ओला तापमापक सांगतो. आता आकडे पाहा. वैशाखात हवा ४५ अंश आणि तिच्यातला ओलावा १२ टक्के असेल, तर ओला तापमापक दाखवतो सुमारे २२ - २३. भादव्यात हवा ३३ आणि ओलावा ७५ टक्के असेल, तर तो दाखवतो २९. कोरडा पारा बारा अंशांनी उतरला, आणि ओला सहा अंशांनी चढला! मोबाइलवर आम्ही पहिला आकडा वाचला. ओलाव्याचा आकडा त्याच्याच खाली लिहिलेला असतो. तो वाचला नाही.

ह्या ओल्या पाऱ्याने ३५ अंश गाठले तर सावलीत बसलेला निरोगी माणूसही काही तासांत दगावेल, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडला होता. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या एका विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रयोग झाले. ते २०२२ साली छापून आले. दमट हवेत सुमारे ३१ अंशांनंतरच तरुणांच्या शरीराला आपला ताप आवरेना, असे दिसले. आणि ते तरुण टेकडी चढत नव्हते, घरातल्या हलक्या कामाइतकीच हालचाल करत होते. आता आमचा २९ चा आकडा आणि तो चढ डोळ्यांपुढे आणा.

म्हणजे वैशाखाचे ऊन निरुपद्रवी आहे का? मुळीच नाही. त्या उन्हाने दरवर्षी माणसे मरतात. पण त्याचे भय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, पन्हे पितो, दुपारी बाराला वावरातून उठतो. सेवाग्रामच्या उन्हाळ्यात गांधीजी डोक्यावर ओले फडके ठेवीत, तेही त्याच शास्त्राने. भादव्याची तशी सवय आपल्याला नाही. पाऊस पडला, आता ऊन सरले, असे आपण धरून चालतो. आणि भादव्यात नुसत्या ओल्या फडक्याने भागत नाही, कारण ते वाळतच नाही. तेव्हा भरपूर गार पाणी लागते, ओतायला किंवा निजवायला. पाणी स्वतःच उष्णता ओढून घेते.

एक गोष्ट राहिली. पावसाळ्यानंतरच्या गवतात बारीक किडे असतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते चावले तर स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ साली नागपूरकडे त्याची साथ आली होती. म्हणून रानातून आल्यावर साबणाने आंघोळ करा, कपडे धुवायला टाका. दोन-तीन आठवड्यांत ताप आलाच तर डॉक्टरांना 'आम्ही रानात गेलो होतो' असे न विसरता सांगा. वेळेवर कळले तर औषध साधे आहे.

कार्तिकात आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. तो गडीही आला. "मी नाही आलो तर लोक म्हनतीन भेला," असे म्हणाला. डॉक्टरांना विचारूनच त्याला घेतले. डबा मात्र कोणाच्या खांद्यावर दिला नाही. ज्याची बाटली त्याच्याजवळ. पुढे कोण, तर आजी. त्यांच्या चालीने सगळ्यांनी चालायचे असे ठरवले होते. माथ्यावर आठ वाजता पोचलो. बोरवर धुके होते. उतरताना तो गडी फलकापाशी थांबला, सगळा फलक त्याने एकट्याने वाचला आणि बायकोला म्हणाला, "चाल, आपलं वावर इकडं नाही."

त्याचा तो रेनकोट आता कडब्याच्या गंजीवर पसरला आहे. तिथे तो उत्तम काम देतो.

पुढची सहल ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपले नाव फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहावे. आदल्या दिवशी कोणाला जुलाब, ताप किंवा उपास असेल तर लाजू नये, सांगावे. रक्तदाबाची, लघवीची औषधे चालू असतील तर तेही सांगावे. बायांसाठी थांबायच्या दोन जागा आम्ही आधीच पाहून ठेवल्या आहेत. एस. टी. ची वाट पाहायची नाही, गाडी सांगितली आहे. चावडीपुढून ती पहाटे साडेचारला निघेल. चहा परत आल्यावर मिळेल.